संगणकविद्या, महाविद्यालय आणि उद्योग : शेतकऱ्यानें काय पाहावें

घरांतील मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा उतरली कीं, पुढें काय, हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं उभा राहतो. तालुक्याच्या गांवीं जावें, तर एस्. टी. स्थानकापासून कचेरीपर्यंत भिंतीभिंतींवर संगणकाच्या वर्गांच्या जाहिराती लागलेल्या दिसतात. कोणी सांगतो, आमचा अभ्यासक्रम अमुक कंपनीनें मान्य केलेला आहे. कोणी सांगतो, शिकून बाहेर पडतांच नोकरी ठेवलेली आहे. बाप फी भरतो. ती फी बहुधा उसाच्या बिलांतून, कापसाच्या पट्टींतून, किंवा सोसायटीच्या कर्जांतून निघालेली असते. म्हणून या खर्चाचा विचार बियाण्याच्या खर्चाप्रमाणेंच करावयास पाहिजे : वाण कोणता, उगवण किती, आणि आपल्या जमिनीस तो मानवेल कीं नाहीं.

या लेखांत आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहों. पहिली, संगणकाचें कौशल्य म्हणजे नेमकें काय. दुसरी, तें शिकविण्यास महाविद्यालय व उद्योग या दोघांनीं एकत्र येण्याची गरज कां पडते, व आपल्या महाराष्ट्रांत तें कसें घडलें. तिसरी, असा एखादा अभ्यासक्रम किंवा प्रयोग आपल्या दाराशीं आला असतां त्याची पारख कशी करावी.

१. कौशल्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी वापराची. मोबाईलवर सातबारा काढणें, पिकाची नोंद करणें, बाजारभाव पाहणें, बँकेंतील शिल्लक पाहणें, हीं या पायरीचीं कामें होत. दुसरी पायरी पडताळणीची. यंत्रानें दाखविलेला आंकडा खरा कीं खोटा, आलेला निरोप बँकेचा कीं ठकाचा, सांगितलेली खताची मात्रा आपल्या जमिनीस योग्य कीं अयोग्य, हें ओळखणें म्हणजे ही पायरी. तिसरी पायरी घडणीची. जमिनींतील ओल मोजणारें यंत्र बसविणें व बिघडल्यास दुरुस्त करणें, ड्रोन उडविणें, शेताचा नकाशा तयार करणें, आंकड्यांचा हिशेब लावून त्यांतून सल्ला काढणें, हें या पायरीचें काम.

पहिली पायरी किती महत्त्वाची आहे हें सांगण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे. कारण आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. गांव नमुना सात हा मालकीचा व गांव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. पूर्वीं पीक-पाहणी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या साह्यानें तयार झालेल्या या अ‍ॅपमधून शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें व नोंद करावयाची, असा नियम झाला. लेखणी शेतकऱ्याच्या हातीं आली, ही मोठी गोष्ट होय. पण ज्यास ती चालवितां येत नाहीं त्याचें नुकसानही मोठें. सन २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन यांच्यासाठीं राज्य सरकारनें अर्थसाह्य जाहीर केलें, तेव्हां प्रथम ई-पीक पाहणीची नोंद हाच आधार धरला गेला. पुढें सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरावी लागली. शेतांत पीक उभें होतें, पण कागदावर नव्हतें, अशा शेतकऱ्यांस तोंवर कचेरीचे खेटे घालावे लागले.

केंद्र सरकारनें २०१७ सालीं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलें. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकीं एका माणसास वीस तासांचें शिक्षण द्यावें, असा त्याचा संकल्प होता. मार्च २०२४ मध्यें तें संपलें, तोंपर्यंत सुमारें ६ कोटी ३९ लाख लोक शिकून निघाले. काम लहान नव्हे. पण वीस तासांत फार तर पहिली पायरी चढतां येते. दुसरीस वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो व तिसरीस पद्धतशीर विद्या लागते. ही विद्या एकट्या सरकारी वर्गाच्यानें, एकट्या महाविद्यालयाच्यानें, किंवा एकट्या कंपनीच्यानें शिकविली जाणें कठीण आहे. तें कां, हें आतां पाहूं.

२. दोघांस एकमेकांची गरज कां

महाविद्यालयाजवळ शिक्षक असतात, ग्रंथ असतात, परीक्षेची शिस्त असते. मूळ तत्त्वें तेथेंच नीट शिकविलीं जातात. पण अभ्यासक्रम एकदां ठरला कीं वर्षानुवर्षें तोच चालतो. प्रयोगशाळेंत घेतलेलें यंत्र पांच वर्षांनीं जुनें होतें व नवें घेण्यास पैसा नसतो. तेथून निघालेला विद्यार्थी पोहण्याचें पुस्तक पाठ करून विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा असतो.

उलटपक्षीं, कारखान्यांत नवीं यंत्रें असतात, रोजचें खरें काम असतें, गिऱ्हाइकाचा तगादा असतो. पण तेथें मूळ तत्त्व समजावून सांगण्यास कोणास सवड नसते. शिवाय प्रत्येक कंपनी आपल्याच यंत्रापुरतें शिकविते. एकाच जोडीदाराबरोबर, एकाच जुवाला शिकलेला बैल दुसऱ्याच्या गाडीस जुंपला तर बिचकतो. तशीच स्थिति अशा शिकाऊ उमेदवाराची होते. कंपनी बदलली कीं त्याची विद्या फुकट जाते.

म्हणून तत्त्व महाविद्यालयानें शिकवावें, सराव उद्योगानें द्यावा, आणि अभ्यासक्रम दोघांनीं मिळून ठरवावा, हा मार्ग सर्वांत सुरक्षित. हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं कारखाना काढला, लोखंडी नांगर तयार केला, व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाच्या नांगरानें जमीन नासते या समजुतीमुळें आरंभीं त्यास गिऱ्हाईक मिळेना. पण एकदां फाळ जमिनींत खोल गेलेला डोळ्यांनीं पाहिल्यावर शेतकऱ्यांची खात्री पटली. दुसरें उदाहरण आपल्या साखर कारखान्यांचें. १९७५ सालीं सहकारी कारखान्यांच्या ऊस-उत्पादक सभासदांनीं मिळून पुणें जिल्ह्यांत मांजरी येथें डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. तीच आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्ध आहे. येथें उद्योगानें विद्यालयाची वाट पाहिली नाहीं. स्वतःच विद्यालय उभें केलें, आणि त्या उद्योगाचे मालक तुम्हांआम्हांसारखे शेतकरीच होते.

३. संगणकाच्या बाबतींत झालेला मोठा प्रयोग

संगणकविद्येसंबंधानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा होय. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या पुढाकारानें २००१ सालीं ही कंपनी स्थापन झाली. राज्य सरकार व विद्यापीठें हे तिचे भागीदार. हिचा एम्. एस्. सी. आय्. टी. हा अभ्यासक्रम ठाऊक नाहीं असें घर आज खेड्यांतही विरळा. अभ्यासक्रम कॉर्पोरेशननें तयार केला. शिकविण्याचें काम तालुक्यांतील व मोठ्या गांवांतील खासगी वर्गचालकांकडे दिलें. परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाकडे ठेवली. एक कोटीहून अधिक लोक यांतून शिकून गेले. सरकारी नोकरांस संगणकाची अर्हता आवश्यक झाल्यामुळें कारकून, शिक्षक, तलाठी, सर्वांनाच तो दरवाजा ओलांडावा लागला.

यांत शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी कीं, शिकविणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा, अशी विभागणी असल्यामुळें प्रमाणपत्रास किंमत राहिली. जो फी घेतो तोच पास करतो, तेथें उत्तीर्ण होण्यास अभ्यास लागत नाहीं. दुसरी गोष्ट मात्र सावधगिरीची आहे. प्रमाणपत्र फायलीस लावून पुन्हां कळफलकास हात न लावणारे पुष्कळ लोक आम्हीं कचेरींत पाहिले. ज्यांच्या टेबलावर रोजचें काम संगणकाचें आलें, तेच शिकले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, त्याच्या आधीं हजारों नोंदी तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. त्या कामांत बसलेला साधा कारकून वर्गांत पहिल्या आलेल्या माणसापेक्षां सरस झाला. तात्पर्य, विद्या टिकते ती कामानें. म्हणूनच उद्योगाची, म्हणजे खऱ्या कामाची जोड हवी.

४. शेतकी विद्यापीठें व आपलीं मुलें

महाराष्ट्रांत चार कृषि विद्यापीठें आहेत. राहुरीचें १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथील १९७२ सालीं स्थापन झालें. बी. एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं खेड्यांत येऊन राहतात, हें आपण पाहतोंच. गांवोगांव त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. २०१५ सालीं सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' या कार्यक्रमांत या ग्रामानुभवाबरोबरच प्रत्यक्ष उद्योगांत जाऊन काम शिकण्याचीही तरतूद आहे. अर्थात् विद्यार्थ्यानें शेतही पाहावें आणि कारखानाही पाहावा, अशी योजना कागदावर आहे. ती कागदावर राहूं नये, हें पाहणें पालकांचें व गांवकऱ्यांचेंही काम आहे. कृषिदूत गांवांत आले कीं हारतुरे व माती-परीक्षणाचें एक प्रात्यक्षिक, एवढ्यावर त्यांची बोळवण करूं नये.

भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें जागतिक बँकेच्या साह्यानें राष्ट्रीय कृषि उच्च शिक्षण प्रकल्प राबविला. त्याचा खर्च सुमारें ११०० कोटी रुपये ठरला. निम्मा बँकेचा व निम्मा केंद्र सरकारचा. यांतून परभणीस यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित यंत्रें यांच्या साह्यानें करावयाच्या डिजिटल शेतीचें केंद्र व राहुरीस हवामानास अनुरूप शेती आणि पाणी-व्यवस्थापन यांचें केंद्र उभें राहिलें. ज्यांचीं मुलें तेथें शिकतात त्यांनीं सुटींत त्यांस विचारावें : यंत्र तुम्हांस हातीं दिलें जातें, कीं कांचेंतून दाखविलें जातें? या एका प्रश्नाच्या उत्तरांत पुष्कळ कांहीं कळतें.

ड्रोनचें काम तर खेड्यांतील तरुणांस जवळचें आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें उडविणारास प्रमाणपत्र लागतें. वय अठरा पूर्ण व शिक्षण दहावी पास, एवढी अट पुरते. मान्यताप्राप्त संस्थेंत शिकणें मात्र आवश्यक. २०२३ सालीं केंद्रानें नमो ड्रोन दीदी योजना जाहीर केली. तींत स्त्रियांच्या १५,००० बचत गटांस ड्रोन देण्याचें ठरलें, व निवडलेल्या बाईस पंधरा दिवसांचें शिक्षण ठेवलें. त्यांत खत-कंपन्याही सहभागी आहेत. दहावी शिकलेली सून घरचें काम सांभाळून फवारणीचा व्यवसाय करूं शकते, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. परंतु बॅटरी किती वेळ टिकते, दुरुस्ती कोठें होते, वर्षांत फवारणीचे दिवस किती मिळतात, याचा हिशेब आधीं मांडावा.

५. बारामतीचा ऊस

विद्यापीठ, कंपनी व शेतकऱ्यांची संस्था या तिघांच्या सहकार्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण बारामतीचें. तेथील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था १९७१ पासून काम करीत आहे. तिनें इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठ व अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्याशीं मिळून उसाच्या शेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हातीं घेतला. २०२५ च्या प्रारंभीं कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनीं त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर तो सर्वतोमुखीं झाला.

त्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. शेतांत जमिनीची ओल, क्षारता इत्यादि मोजणारीं यंत्रें पुरतात. जवळ हवामान मोजणारें यंत्र उभारतात. वरून उपग्रहाचीं चित्रें घेतात, त्यांवरून पिकाचा जोम कोठें कमी आहे हें कळतें. हे सर्व आंकडे एकत्र करून संगणक अंदाज बांधतो, आणि पाणी केव्हां द्यावें, खत किती द्यावें, कीड येण्याचा संभव आहे कीं काय, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठींत येतो. अनुभवी शेतकरी बांधावरून फिरतां फिरतां जें पाहतो, तेंच हें यंत्र रात्रंदिवस पाहतें व मोजून ठेवतें, एवढाच फरक.

यांत तिघांचीं कामें निराळीं आहेत. विद्यापीठ शास्त्र देतें, कंपनी संगणकाची यंत्रणा देते, स्थानिक संस्था शेतकऱ्यांचा विश्वास व प्रत्यक्ष जमीन देते. यांतील एक जरी गळाला तरी प्रयोग लंगडा होतो. तथापि उत्पन्न किती वाढलें हा आंकडा ऐकतांना आपण सावध राहावें. प्रयोगाच्या प्लॉटवर तज्ज्ञांची रोजची नजर असते. आपल्या शेतावर ती नसते. म्हणून एकरीं टन किती एवढेंच न विचारतां, यंत्रांचा खर्च धरून टनामागें किती पडलें, पाणी व खत किती वांचलें, खोडव्यास काय फळ मिळालें, आणि साह्य बंद झाल्यावर किती शेतकऱ्यांनीं पदरचे पैसे घालून यंत्र चालू ठेवलें, हें विचारावें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत खरें.

६. पारख करण्याचे सहा प्रश्न

मुलास एखाद्या अभ्यासक्रमास घालण्यापूर्वीं पालकानें पुढील सहा प्रश्न विचारावे व उत्तरें शक्य तों लेखी घ्यावीं.

(१) अभ्यासक्रम कोणीं ठरविला, व तो शेवटचा केव्हां बदलला? संगणकाच्या विद्येंत पांच वर्षें जुना अभ्यासक्रम म्हणजे मोड आलेलें धान्य.

(२) कंपनीशीं करार आहे म्हणतात, त्यांत काय लिहिलें आहे? केवळ एकत्र छायाचित्र काढून घेतलेले करार पुष्कळ असतात. दरसाल किती विद्यार्थी, किती आठवडे, कोणत्या ठिकाणीं काम शिकतात, हें पाहावें.

(३) शिकविणारा शिक्षक स्वतः अलीकडे उद्योगांत काम करून आला आहे काय?

(४) परीक्षा कोण घेतो? शिकविणारा व तपासणारा निराळे असल्यास उत्तम.

(५) शिकाऊ उमेदवारीच्या काळांत विद्यावेतन मिळतें काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं नोंद झालेल्या उमेदवारास विद्यावेतन देणें मालकावर बंधनकारक आहे. उलट, काम शिकविण्याबद्दल मुलाकडूनच पैसे मागणारा भेटला तर दोनदां विचार करावा.

(६) मागील वर्षीं शिकून गेलेल्या चार मुलांचीं नांवें सांगतां काय? त्यांच्या घरीं जाऊन चौकशी करावी. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, पूर्वीच्या मालकास विचारतों. मग मुलाच्या दोन-तीन वर्षांच्या बाबतींत संकोच कां करावा?

शेतावरील प्रयोगांत भाग घेणारानें आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या शेताचे आंकडे कोणाचे? जमिनीचा कस, पाण्याची स्थिति, पिकाचा अंदाज, हे आंकडे व्यापाऱ्यास, विमा कंपनीस, सावकारास फार उपयोगी आहेत. २०२३ सालीं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घेणारानें संमति घ्यावी व कारण सांगावें, हें त्याचें मुख्य सूत्र. न वाचतां अंगठा देण्याचे परिणाम आपल्या आजोबा-पणजोबांनीं खतांवर व दस्तांवर भोगले. तोच अंगठा आतां मोबाईलच्या कांचेवर पडतो, एवढाच फेर.

७. गांवानें व संघानें काय करावें

मोठ्या कंपनीची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. आपल्या आवाक्यांतील चार गोष्टी सुचवितों.

गांवांत कृषिदूत व कृषिकन्या येतील तेव्हां त्यांच्यासाठीं संघानें आधींच काम ठरवून ठेवावें. प्रत्येकानें दहा शेतकऱ्यांस ई-पीक पाहणी स्वतःच्या हातानें करावयास शिकवावें; करून देऊं नये. करून दिलेलें काम एक हंगाम टिकतें, शिकविलेलें काम जन्मभर.

साखर कारखाना, दूध संघ, सूत गिरणी यांच्या वार्षिक सभेंत सभासदांनीं विचारावें कीं, आपल्या संगणक विभागांत, वजनकाट्यावर व प्रयोगशाळेंत जवळच्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी शिकाऊ म्हणून घेतले? हे उद्योग आपल्याच भागभांडवलावर उभे आहेत. आपल्या मुलांना तेथें शिकण्याचा पहिला हक्क आहे.

तालुक्याच्या महाविद्यालयास संघानें खरें काम द्यावें. सभासदांच्या विहिरींच्या पाणीपातळीची नोंद, माती-परीक्षणाच्या निकालांचें एकत्रीकरण, बाजारसमितींतील दहा वर्षांच्या भावांचा तक्ता, हीं कामें संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस सरावाची आहेत व आपणांस उपयोगाचीं आहेत. त्यांत कोणाचाच पैसा फारसा लागत नाहीं.

शेवटची गोष्ट स्त्रियांविषयीं. शेताच्या कामाचा निम्म्याहून अधिक भार त्या उचलतात, पण मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो. वर्ग काढतांना त्यांची वेळ विचारून काढावा, नाहींतर अर्धें गांव बाहेर राहील.

जमीन तीच राहणार, वांटण्या होत जाणार, हें आम्हीं फेरफाराच्या नोंदी लिहितांना वर्षानुवर्षें पाहिलें आहे. बापाचे आठ एकर दोघां मुलांत चार-चार होतात व नातवांत दोन-दोन. जमिनीची वांटणी होते, विद्येची होत नाहीं. पण ती विद्या खरी आहे कीं केवळ कागद आहे, हें घेण्याआधींच पाहिलें पाहिजे. संघाच्या पुढील सभेंत हा विषय ठेवावा, आणि वरील सहा प्रश्न घेऊन ज्या पालकांनीं चौकशी केली असेल त्यांनीं आपापला अनुभव मासिकाकडे लिहून पाठवावा, अशी आमची विनंति आहे.